धानाच्या चिखलात ठरलेला आकडा

आमच्या भौतिकशास्त्राच्या लॅबमध्ये मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड पाच आणि आम्ही दहा जण, म्हणून जोड्या लागल्या. माझ्या वाट्याला आली गोंडपिपरीकडची, कापूसवाल्या घरची एक मुलगी. याच प्रॅक्टिकलला आदल्या वर्षी नापास होऊन ती परत बसली होती. पुन्हा नापास झाली तर घरचे कॉलेज बंद करणार, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

मला तिची दया आली, आणि त्या दयेपोटी मी तिला कीबोर्डला हातच लावू दिला नाही. प्रोग्राम मी लिहायचा, वायरी मी जोडायच्या, तिनं शेजारी बसून वही लिहायची. मी म्हणेन ती पूर्व दिशा! आठवलं की आजही माझा मलाच राग येतो.

आमचा प्रयोग होता झाडाला आपोआप पाणी देण्याचा. मातीत खुपसलेला सेन्सर बोर्डाला आकडा पाठवतो. माती जितकी कोरडी, तितका आकडा मोठा. आपण ठरवलेल्या आकड्याच्या वर गेला की छोटा पंप सुरू, खाली आला की बंद. तो आकडा ठरवायला मी सिंदेवाहीजवळच्या आमच्या बांधीतली, म्हणजे पाणी साठवलेल्या धानाच्या शेतातली, माती प्लास्टिकच्या डब्यात आणली, वर बोटभर पाणी उभं राहीपर्यंत ओतलं आणि म्हटलं, ही झाली ओली माती. धानाच्या घरात वाढलेल्या मला दुसरी ओली माती माहीतच नव्हती.

"पाणी लय होऊन राह्यलं वो," ती म्हणाली. "इतक्या पाण्यात कपाशी सडून जाते."

"तुले काय समजते? तू लिही."

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी व्हरांड्यातली गुलाबाची कुंडी टेबलावर ठेवली. माती चांगली ओलसर होती, तरी पंप सुरू झाला. आमच्या डब्याला खाली भोक नव्हतं, कुंडीला होतं. वरून पाणी पडत होतं, खालून वाहून जात होतं, आणि बोर्ड आपला चिखल होण्याची वाट बघत होता. पाणी टेबलावरून सरांच्या बुटांवर पोचलं तरी मी नुसती उभी.

"हा आकडा कोणी ठरवला?" सरांनी विचारलं.

"दोघींनी, सर," ती म्हणाली.

मग तिनंच पंपाची वायर काढली. व्हरांड्यातून दुसऱ्या कुंडीतली माती आणून मुठीत दाबली. गोळा झाला, पण पाणी सुटलं नाही. "येवढी ओल पुरे, सर." त्या मातीत सेन्सर खुपसून दिसलेला आकडा तिनं एकेका बोटानं प्रोग्राममध्ये टाकला. गुलाबाच्या कुंडीत सेन्सर परत लावला, पंप जोडला. पंप गप्प राहिला. सरांनी सेन्सर उपसून पुसला तेव्हा मात्र लगेच सुरू झाला.

तेव्हा कुठे माझ्या तोंडून शब्द फुटला. "आधीचा आकडा माझा होता, सर. हिनं सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही."

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. पुढे ती पास झाली, माझ्यापेक्षा जास्त गुणांनी, पण त्या दुपारी ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "काऊन म्हटलं दोघींनी? तुयं वर्ष गेलं असतं ना!"

ती ओढणीचं भिजलेलं टोक पिळत होती. "मंग काय करू? तू थरथर कापून राह्यली होती."