भुयारात आडनाव नको

द्वारकाचा राग लोहाऱ्यात सगळ्यांना ठाऊक होता. सोसायटीच्या ऑफिसात ती टायपिस्ट होती, आणि चेअरमनचा पाहुणा "ए पोरी" म्हणाला, तर टाइपरायटरवरून हात न उचलता "नाव आहे मला" असं सुनवायची. पण त्या रविवारी खताच्या गोदामात तिला जो राग आला, तो तिचा तिलाही नवा होता.

पुण्याला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भावानं सुट्टीत तिला एक परदेशी खेळ शिकवला. एकानं सांगणारा व्हायचं, बाकीच्यांनी सोंगं घ्यायची आणि सगळ्यांनी मिळून मनातल्या भुयारात उतरायचं. पुढं दार आहे की राक्षस, ते सांगणारा सांगतो, मग विचारतो, "काय करता?" आपण बोलायचं आणि फासे टाकायचे. लोहाऱ्यात तसले फासे कुठले? द्वारकानं कवड्या घेतल्या. दर रविवारी सोसायटीच्या खताच्या गोदामात पोरं जमायची आणि डाव मांडला जायचा. दुष्काळाचं साल, टँकरची वाट बघण्यापलीकडं कुणाला उद्योग नव्हता, म्हणून तिच्या भुयाराच्या तळाशी खजिना नव्हता, पाण्याचं टाकं होतं.

मग तिनं 'भुयार' नावाचा अंकच काढला. स्टेन्सिलवर नियम टाइप करायचे, टोकदार लेखणीनं नकाशे कोरायचे आणि ऑफिस बंद असताना सायक्लोस्टाइलचा दांडा फिरवून प्रती काढत बसायचं. शाई कोपरापर्यंत यायची. धुळाप्पा कंडक्टर एसटीतून अंक तामलवाडीपर्यंत पोचवायचा, तिकडची पोरं आपली भुयारं काढून धाडायची, ती पुढच्या अंकात लागायची. पहिल्या पानावर पहिला नियम कायम एकच: भुयारात शिरताना आडनाव बाहेर ठेवायचं. बाहेर आडनाव कळलं, की समोरचा तांब्या हातात द्यायचा की वरून पाणी वाढायचं ते ठरवतो. बुद्धाची दीक्षा घेऊन तिच्या घराला किती वर्षं झाली, तरी लोकांचे हात वरच. निदान एक जागा अशी असावी, जिथं हे कुणी विचारणार नाही, एवढ्यासाठी तिनं हा सगळा खटाटोप केला होता.

धाराशिवला आबारावांचा छापखाना होता. हयात लग्नपत्रिका आणि वधूवरांची परिचयपत्रं छापण्यात गेलेली. अंक त्यांना भारी आवडला. "हे फिक्कट कशाला? म्या छापून देतो झकास," म्हणाले. द्वारका हरखून गेली. आणि त्या रविवारी ते स्वतः गठ्ठा घेऊन गोदामात हजर झाले.

गुळगुळीत कागद, कडेनं वेलबुट्टी. मधल्या पानावर सोंगाची माहिती भरायचा तक्ता. नाव, आडनाव, जात, पोटजात, कुळ. सवयीनं हात तिकडं वळला म्हणून सोडून दिलं असतं, पण खाली या गृहस्थानं नवा नियमही ठोकला होता. वतनदाराच्या सोंगाला एक फेक जादा, दार उघडायचा मान त्याचा, आणि खालच्या जातीनं टाक्याला शिवायचं नाही.

"आबाराव, हे काय केलं तुमी?"

"खेळ खरा वाटाया पायजे का न्हाय, बाई? जात न्हाय तर माणूस वळखायचा कसा?"

द्वारकानं मल्लिनाथकडं पाहिलं. दूध डेअरीतला हा पोरगा तिच्या डब्यातली भाकरी खायचा, पहिल्या अंकापासून तिच्यासोबत होता. तो खाली मान घालून तक्ता भरत होता. जादा फेकीनं गडी खूश!

"रागावू नका, ताई. तुमचाबी तक्ता म्याच भरला, जातीसकट," तो मायेनं म्हणाला. "आमाला काय ठाऊक न्हवतं व्हय? पर कवा बोललो का आमी?"

तिच्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे आडनावं बाहेर कुणी ठेवलीच नव्हती. सगळे खिशात घेऊन बसले होते, आणि वर बोललो नाही म्हणून उपकार! आबारावांचा मूर्खपणा तरी उघडा होता. याचं काय करायचं? गठ्ठा उचलून भिरकावावा असं तिला वाटलं. पण सांगणारी ती होती.

"मांडा," ती म्हणाली. "खेळूया."

मल्लिनाथ वतनदार झाला. दार आलं. पहिली फेक वाया गेली, जादा फेकीला कवड्या मनासारख्या पडल्या.

"उघडलं!" तो ओरडला.

"उघडलं. आत काय हाय, ऐक. आत लोहारा हाय. तीच वेस, तोच आड. माझी आई घागर घेऊन लांब उभी हाय, कुणी वाढंल म्हणून. ऊन लई हाय. आणि पोहरा तुझ्या हातात हाय."

आबाराव गठ्ठ्याची सुतळी चाचपत बसले.

"सांग, मल्लिनाथ. काय करतोस?"

मल्लिनाथचा हात कवड्यांकडं गेला.

"ठेव त्या खाली!" द्वारका कडाडली. "याला फेक लागत न्हाय."