पिशवीत मावणारं धनुष्य

लाँगबो माझ्या हाताला बसत होता आणि रिकर्व्ह माझ्या पिशवीत. प्रश्न एवढाच होता, आणि मी त्याचं उत्तर लाजेनं दिलं.

भेस्तानच्या पुढे कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलच्या भिंतीला लागून मैदान आहे. रविवारी सकाळी तिथे काही लोक जुन्या पद्धतीची तिरंदाजी करतात. जुन्या पद्धतीची म्हणजे धनुष्यावर नेम धरायचं कुठलंही यंत्र नाही, डोळा आणि सवय एवढंच भांडवल. शाळेच्या मुलांना घेऊन मी एकदा तिथे गेले होते. मुलांचं आटोपल्यावर शिकवणारे सर म्हणाले, "बेन, तुम्ही पण एक मारून बघा." मी मारला. बाण पेंढ्याच्या गाठीत घुसल्याचा तो धप्प आवाज दिवसभर माझ्या कानात राहिला. पुढच्या रविवारी मी एकटीच गेले. चाळिशी उलटलेली, मराठी शाळेतली बाई, पदर खोचून कॉलेजच्या पोरींच्या रांगेत उभी. नवऱ्याला सांगितलं तर तो हसला आणि त्यानं वर्तमानपत्रात तोंड घातलं.

काही महिन्यांनी सर म्हणाले, आता एक धनुष्य ठरवा, घरी न्या, रोज थोडा वेळ नुसतं ओढून सवय करा. द्यायला त्यांच्याकडे दोन होती. लाँगबो म्हणजे एक अख्खी लांबलचक काठी, उभी केली की माझ्या कपाळाला लागणारी. ओढताना एकसारखी जड होत जायची, सुटताना फार आवाज नाही, आणि मूठ जरा वाकडी पडली तरी सांभाळून घ्यायची. रिकर्व्ह बुटकं. त्याची टोकं पुढे वळलेली, त्यामुळे बाण सणसणत जायचा, पण हाताची चूक लगेच निशाण्यावर दिसायची आणि दोरी बोटांना चिमटा काढायची. शिवाय दोरी त्या वळलेल्या टोकांवर आपटून आवाज करते, म्हणून तिच्यावर वर-खाली लोकरीचे दोन गोंडे बांधलेले होते. आवाज दाबायला.

"लाँगबो तुमचा आहे," सर म्हणाले. "तो घेतला की तुमचा खांदा आपोआप खाली येतो."

मला ते माहीत होतं. खांद्यालाही माहीत होतं. मी म्हटलं, "नाही सर, मला रिकर्व्ह आवडतं. बाण जोरात जातो ना."

बाण गेला खड्ड्यात. रिकर्व्हचे तीन तुकडे सुटे होत आणि शाळेच्या पिशवीत वह्यांखाली बसत, हे खरं कारण होतं. लाँगबो घेऊन मला चारचौघांबरोबर शटल रिक्षात बसावं लागलं असतं आणि मग डिंडोलीतल्या आमच्या गल्लीतून चालत जावं लागलं असतं. गल्लीत दारोदार बायका धागा कटिंग करत बसतात. एम्ब्रॉयडरीच्या साड्यांचे गठ्ठे कारखान्यातून येतात, त्यांच्या मागच्या बाजूचे लोंबते दोरे छोट्या कातरीनं कापायचे. हात कामात, डोळे रस्त्यावर. त्यातल्या निम्म्या माझ्या विद्यार्थ्यांच्या आया. 'बाईंना या वयात हे काय सुचलं,' हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

आमच्या घरीही धागा कटिंग चालतं. सासूबाईंचा त्यात हात बसलेला आहे, इतका की गठ्ठा संपला तरी कातर थांबत नाही. पाहुण्याच्या शर्टाचा दोरा लोंबताना दिसला की पाहुणा टेकायच्या आत तो कापलेला असतो. एकदा तर त्यांनी नवरदेवाच्या शेल्याच्या दशा कापायला घेतल्या होत्या, कुणीतरी हात धरला म्हणून शेला वाचला. हे सगळं माहीत असून मी पिशवी पलंगाखाली सरकवली आणि निश्चिंत झोपले.

रविवारी मैदानावर धनुष्य जोडलं, दोरी चढवली, तर दोरी बोडकी. गोंडे मुळापासून साफ. इतकं स्वच्छ काम आमच्याच घरचं, हे मी बघताक्षणी ओळखलं. तरी बाण लावला आणि सोडला. सगळं मैदान माझ्याकडे वळलं, असा टणत्कार झाला.

"गोंडे कुठे गेले?" सरांनी विचारलं.

"सासूबाईंनी कापले," मी म्हणाले. "त्यांना वाटलं, धागे राहिलेत."

सर हसले, कॉलेजच्या पोरी हसल्या, एक डॉक्टरीणबाई तर डोळे पुसायला लागल्या. हसण्यात काही वाईट नव्हतं. पण माझे कान तापले. आपलं अख्खं घर, साड्यांचे गठ्ठे, दारातली ती बैठक, सगळं कुणीतरी त्या मैदानावर आणून पसरल्यासारखं मला वाटलं.

घरी जाऊन मी पिशवी सासूबाईंसमोर आपटली. त्यांनी ऐकून घेतलं. "दोरा लोंबतस, म्हनीसन काप्यात," एवढंच म्हणाल्या, आणि मग त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्याचा माल आपल्या हातून खराब झाला, याच्याइतकी मोठी गोष्ट त्यांच्या जगात नाही. त्या दिवशी त्या नीट जेवल्या नाहीत. मी बघत होते, आणि तरी माझा राग उतरला नाही, याची मला आता लाज वाटते.

पुढच्या रविवारी मी निघाले तर त्या दारात तयार. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर. "मी येस," म्हणाल्या. मी नको म्हटलं, ऊन म्हटलं, लांब म्हटलं. त्या रिक्षात जाऊन बसल्यासुद्धा.

मैदानावर त्यांनी सरांना गाठलं आणि सगळ्यांसमोर हात जोडले. "सेठ, गलती मेरी है. बहू को कुछ मत बोलना." सर गडबडून गेले, अहो माँजी, काहीच झालं नाही, म्हणत राहिले. सेठ! डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत होत्या. मी इतरांसारखे बूट नसलेल्या माझ्या पायांकडे आणि शेजारी सासूबाईंच्या रबरी चपलांकडे बघत उभी राहिले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं आपण म्हणतो, त्याचा अर्थ मला तिथे कळला.

माफी मागून झाल्यावर त्या भिंतीपाशी गेल्या. लाँगबो तिथे टेकवलेला होता. त्यांनी त्यावरून हात फिरवला. सर म्हणाले, "माँजी, हाच तुमच्या सुनेचा. पण ती घेतच नाही."

"कसाले नई लेत?" त्यांनी मला विचारलं.

"रिक्षात मावत नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ नाही, पण पुरेसं. "मी धरसू ना," म्हणाल्या, आणि काठी उचलली.

शटल रिक्षात लाँगबोचं टोक बाहेर आलं होतं. त्यांनी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला होता आणि शेजारच्या माणसाला त्या दरडावत होत्या, "भाई, सरको." मी दुसऱ्या बाजूला तोंड करून बसले.

गल्लीच्या तोंडाशी उतरलो तेव्हा दारं भरलेली होती. कातरी थांबल्या. काठीची टोकं सांभाळत सासूबाई पुढे, आणि त्यांच्या मागे दोन पावलं मी, जणू माझा आणि त्यांचा काही संबंध नाही. कोपऱ्यावरच्या बाईनं, जिचा मुलगा माझ्या वर्गात आहे, हाक मारली, "व माय, हाई काय शे?"

सासूबाई थांबल्या. मागे वळून त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"मनं धनुष्य शे," त्या म्हणाल्या. "मी शिकी राहिनू."

सगळी गल्ली हसली. ते हसू मैदानावरच्यासारखं नव्हतं, त्यात धार होती, आणि ते सगळं त्यांच्यावर पडलं. त्या तशाच उभ्या राहिल्या, धनुष्य धरून, स्वतःही थोडं हसत, कुणी माझ्याकडे बघू नये म्हणून.

मी पुढे झाले आणि त्यांच्या हातातून धनुष्य घेतलं. "माझं आहे," मी म्हणाले, पण इतक्या हळू की ते फक्त त्यांनाच ऐकू गेलं.