हार घातलेला चुकीचा चेहरा

"माझ्या नवऱ्याला हार कोणी घातला?" फोनवर एक बाई ओरडत होत्या. "फोटोखाली तुमच्या स्टुडिओचा नंबर आहे. कोण बोलतंय?"

"मी इथे डिझाइनचं काम करते," एवढंच मला सुचलं.

मी डहाणूत कॉलेज करते आणि उरलेल्या वेळात एका फोटो स्टुडिओत बसते. घर तलासरीच्या आतल्या बाजूला, भातशेतीचं. कॉलेजला जाणारी घरात मीच पहिली. माझं काम काय, हे घरी अजून नीट सांगता आलेलं नाही. श्रद्धांजलीची कार्डं जास्त असतात. कुणी गेलं की घरचे व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात. एकट्याचा फोटो बहुतेक नसतोच. मग लग्नातल्या ग्रुप फोटोतून चेहरा कापायचा, मागे आकाश टाकायचं, तयार हार चढवायचा. कार्ड आधी घरच्यांना दाखवायचं. याला आम्ही प्रूफ म्हणतो. तिकडून 'हो' आलं की सोडायचं.

त्या सकाळी काशिनाथ नावाचे गृहस्थ गेले होते. पुतण्याने हळदीचा फोटो पाठवला आणि लिहिलं, 'पुढे उभे आहेत ते.' पुढे दोघे उभे होते. दोघांचे शर्ट एकाच ताग्यातले, कारण हळदीला सगळं घर एकसारखं शिवतं. तोंडं हळदीने माखलेली. एकाचा चेहरा फोटोत हलला होता, दुसऱ्याचा स्वच्छ आला होता. मी स्वच्छ घेतला आणि त्यावरची हळद पुसली. विचारायला फोन उचलला, पण परत ठेवला. मयताच्या घरी असं कसं विचारायचं? अंत्ययात्रा चार वाजता होती, लोकांना वेळ कळायला हवी होती. 'हो'ची वाट न बघता कार्ड सोडलं. पुतण्यानेही न बघता पुढे पाठवलं.

तो चेहरा काशिनाथांच्या चुलतभावाचा, जगनचा होता. जगन तीन दिवस मासेमारीच्या बोटीवर, रेंजबाहेर होता. कुणीतरी वरचं नाव आणि वेळ कापून फोटो स्टेटसला ठेवला; खाली आमचा नंबर तेवढा राहिला. तो नरपड गावात त्याच्या बायकोपर्यंत पोचला.

"ताई, गेले ते काशिनाथ. चूक माझी आहे."

"मग ह्यांचा फोन का लागत नाही?"

फोन ठेवून मी झालेलं सांगितलं.

स्टुडिओचे मालक दिनेशभाई त्यांच्या गुजराती वळणात म्हणाले, "डिलीट कर ने."

"माझ्याकडचं केलं. पुढे गेलेलं होत नाही."

"मग जा, तोंड दाखव. फोनवर कोण मानणार?"

रिक्षाने नरपडला गेले. अंगणात बायका जमल्या होत्या. ताईंनी मला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मी मूळ फोटो दाखवला. एका म्हातारीने बोट ठेवलं, "हा काशिनाथ. हा आपला जगन." बाकीच्यांना पटलं. ताईंना नाही.

"फोटोवर एकदा विश्वास ठेवला ना? आता मला त्यांचा आवाज पाहिजे."

मी सुकत घातलेल्या बोंबलांच्या बाजूला उभी राहिले. चित्र मजकुरापासून सुटलं की त्याला कुठलाही अर्थ चिकटतो, असं सरांनी वर्गात शिकवलं होतं. परीक्षेत ते लिहून मला चांगले मार्क मिळाले होते. त्या अंगणात ते कुणाला सांगणार?

साडेतीनला ताईंचा फोन वाजला. बोट रेंजमध्ये आली होती.

"अगं, मी मेलो म्हणून किती मेसेज आलेत! भात टाक, भुकेने तरी मारू नको."

ताईंनी त्याला एक शिवी दिली आणि मग खाली बसून रडल्या. मी निघाले ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

स्टुडिओत परतून बरोबर कार्ड केलं. तोवर अंत्ययात्रा निघाली होती. पुतण्याने फक्त 'ठीक' लिहिलं. पुढचा आठवडाभर जगनच्या घरी सांत्वनाचे फोन येत राहिले. काशिनाथांचं कार्ड मात्र मला कुणाच्याच स्टेटसवर दिसलं नाही.

आता मी मयताच्या घरी फोन करते. अजूनही संकोच वाटतो, पण चेहऱ्याभोवती गोल करून मागते आणि 'हो' येईपर्यंत थांबते. उशीर झाला की लोक रागावतात. रागावू देत.