चकतीवरचा अंगठा

धंद्यातले लोक त्याला अंगठेबहाद्दर म्हणायचे. नवख्याला वाटायचं, याला सही येत नसेल. सही येत होती, चांगली वळणदार. नाव पडलं ते कॅमेऱ्यामुळे. माणूस खिडकीपाशी असला की कॅमेरा मागच्या उजेडाला भुलतो आणि चेहरा काळवंडतो. मग कॅमेऱ्यावरची चकती फिरवून फोटोतला उजेड वाढवावा लागतो. बाकीचे एक फोटो काढून स्क्रीन बघणार, मान हलवणार, पुन्हा काढणार. याचा डोळा कॅमेऱ्यावरून हलायचाच नाही. अंगठ्याखाली चकतीची टिचकी न टिचकी मोजून हा हवा तेवढाच उजेड द्यायचा आणि लगेच चकती शून्यावर आणायचा. स्क्रीन बघणं हे कच्च्या माणसाचं काम, असं तो कुणी न विचारताही सांगायचा.

यंदा तो अंगठाच बधिर झाला. मानेतली नस दबलीय, डॉक्टर म्हणाले. त्याने घरीदारी कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. हातचं काम गेलं तर या वयात आपल्याला कोण विचारणार, या भीतीने त्याची झोप उडाली होती. पण तोरा तोच.

त्यातच थोरला भाऊ अंथरुणाला खिळला. एक दिवस त्यानेच बोलावून घेतलं. "माझा एक चांगला फोटो काढून ठेव." कशासाठी, ते दोघांनाही कळत होतं. वहिनीने दादाची दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि त्याला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं.

"मागून उजेड फार येतोय रे."

"तू गप बस आणि माझ्याकडे बघ."

चकती फिरली. किती फिरली, ते अंगठ्याला समजलं नाही. एकदा स्क्रीन बघावा असं मनात आलं, पण दादासमोर? मोडेन पण वाकणार नाही, अशी जात. चार-पाच फोटो काढून त्याने कॅमेरा बॅगेत टाकला.

"आला का चांगला?"

"झकास!"

घरी येऊन पाहतो तर खुर्ची दिसत होती, कॉलर अंधुक दिसत होती, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा डाग. कॉम्प्युटरवर त्याने जंग जंग पछाडलं. जे उमटलंच नाही ते आणणार कुठून? पुन्हा जायचं त्याने ठरवलं, निमित्तही शोधलं. पण दादा त्याआधीच गेला.

काही दिवसांनी वहिनीने फोटो मागितला.

"वहिनी, फोटो बिघडला. अंगठा बधिर झालाय माझा. मी लपवलं."



"यांना ठाऊक होतं, भावोजी. त्याच्या आधीच्या खेपेला तुमच्या हातून चहाचा कप निसटला ना, तेव्हाच ओळखलं त्यांनी. मी म्हटलं, मग दुसऱ्या कुणाला बोलवू, परत थोडाच काढता येणारे? तर माझ्यावरच चिडले. म्हणाले, माझा फोटो नाही आला तरी चालेल, पण सख्ख्या भावाने बाहेरचा माणूस बोलावला असं त्याला कळलं, तर तो पुन्हा कॅमेरा हातात धरणार नाही."