एकावर एक दोन डायपर

१८ नोव्हेंबर. रुग्ण अंथरुणात असताना त्याच्याखालची चादर कशी बदलायची, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना वॉर्डात पुन्हा एकदा दाखवायचं होतं. वर्गात सगळ्यांना येतं. वर्गात खाटेवर पुतळा असतो आणि पुतळा लघवी करत नाही.

मी खिडकीजवळच्या आजींची खाट निवडली. गोदाकाठच्या सायखेड्याच्या. कांद्याच्या वाफ्यात पडल्या, मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून उभ्या राहायला लागल्या होत्या. पांघरूण काढलं तर एकावर एक दोन डायपर. आतला रात्रीपासूनचा, भिजून जड झालेला. बाहेरचा फक्त चादर कोरडी राहावी म्हणून. चादर कोरडी, म्हणजे बदलायला नको, म्हणजे त्या खाटेकडे फिरकायलाच नको. कातडी लालबुंद झालेली, आणि वर नाशिकची थंडी.

मी दोन्ही डायपर काढले, सगळ्यांच्या देखत पुसलं, मलम लावलं. मुली पदर नसलेल्या गणवेशात नाक कशात लपवावं ते शोधत होत्या.

स्टुलावर पाण्याचा पेला काठोकाठ भरलेला, आजींचे ओठ मात्र फुटलेले. पाणी का पीत नाही, म्हणून विचारलं. त्यांनी आधी मुलींकडे पाहिलं.

“पाणी पिलं की या पोरी म्हणत्यात, गोदेला पूर आला.”

मुलींच्या घोळक्यात एकीला हसू आवरलं नाही. तिला मी वॉर्डाबाहेर उभी केली. ज्या बाईच्या घरात पुराचं पाणी शिरून गेलंय, तिला या पोरी पुरावरून चिडवत होत्या, आणि म्हातारीने त्यावर आपल्यापुरता उपाय काढला होता. पाणीच बंद.

आजींचं लघवीवर नियंत्रण नव्हतं असंही नाही. त्या हाक मारायच्या. मुली म्हणायच्या, मावशीला सांगते. सफाईच्या मावशी दोन वॉर्डांना मिळून एक. ती बेडपॅन घेऊन येईपर्यंत व्हायचं ते होऊन जायचं. मग ड्यूटी बदलताना पुढच्या मुलीला सांगायचं, पेशंटला कपड्यात होतं. लघवी न रोखता येण्याचे प्रकार आणि कारणं याच मुलींनी मला चाचणीत मुद्देसूद लिहून दिली होती. सर्वांत चांगला पेपर लिहिणाऱ्या, शहरातल्या कॉलेज रोडच्या मुलीलाच मी ही खाट दिली होती.

पण खाटेपाशी उभी होती सुरगाण्याची मुलगी. चौकशी केल्यावर कळलं की खाटांची अदलाबदल चालते. मी सकाळी वाटून देते, माझी पाठ वळली की बाजार भरतो. इंजेक्शनं, ड्रेसिंग असलेल्या खाटांना मागणी. ओल्या खाटा सुरगाण्याच्या मुलीकडे. का, तर कॉलेज रोडची अगदी सहज म्हणाली, “तिला सवय आहे, मॅडम. ती गावाकडची आहे ना.”

सुरगाण्याची मुलगी आजवर माझ्याशी हो-नाहीपलीकडे बोलली नव्हती. ती खाली बघून म्हणाली, “मॅडम, वास मलापण येतो.”

मी खूप बोलले. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. राग फक्त मुलींचा नव्हता. “मावशीला सांग” हे त्यांना वॉर्डातल्या जुन्या सिस्टरांनीच शिकवलंय.

दुपारी आजींची सून आली. दोन दिवसांत घरी सोडणार होते. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, “पोरी सांगत्यात, कपड्यातच होतं. मग घरात नाय जमायचं मॅडम, लेकरं हायेत. कांद्याच्या चाळीला लागून पत्र्याची खोली हाय, तिथं खाट टाकतो.”

मी सांगितलं, खाट आज कुठेही टाकू नका, उद्या सकाळी लवकर या. आणि नवऱ्याला घेऊन या.

१९ नोव्हेंबर. सकाळी डायपरचं पाकीट मी आधी माझ्या कपाटात टाकून कुलूप लावलं. कॉलेज रोडच्या मुलीला आजींच्या खाटेपाशी उभी केली आणि बजावलं, आज तुझी ही एकच खाट, आजींना जायचं असेल तेव्हा तू न्यायचं. आजींना पेलाभर पाणी मी माझ्या हाताने पाजलं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, जायचंय. मुलगी सवयीने मावशीला शोधायला वळली. मी तिच्या पुढ्यात वॉकर ठेवला. सून आणि मुलगा बघत होते. आजी हळूहळू संडासापर्यंत गेल्या, कोरड्या गेल्या, आणि आतून म्हणाल्या, दार लोटून घ्या.

“चालती हाय की,” सून म्हणाली. मग लगेच, “पण रातीला कोण उठणार?”

“हे उठतील,” मी तिच्या नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

ती हसायला लागली. तिचा नवरा हसला नाही. मी त्याला संडासाच्या दारापाशी बोलावलं, आई बाहेर आल्यावर वॉकर त्याच्या हातात दिला, आणि तो आईच्या कोणत्या बाजूला उभं राहून कसा धरायचा, ते तीनदा करवून घेतलं.