न हलवायची बाटली

कल्पना करा, तुमच्या मुठीत बोटाएवढी काचेची बाटली आहे. फ्रीजमधून आत्ताच काढलेली, आत दुधासारखं पांढरं औषध. ते अंगाइतकं कोमट होईपर्यंत मूठ मिटून उभं राहायचं, अधूनमधून बाटली हळूच आडवी-उभी करायची, बस. हलवायची मात्र नाही. समोर टेबलावर भूल दिलेला ससा, मशीनच्या श्वासावर. वाटतं तितकं हे सोपं नाही. हात नुसते शिवशिवतात.

वहिनींचे तर जास्तच. प्रयोगशाळेच्या प्राणिघरात येण्याआधी त्यांची उमेदीची वर्षं औषधाच्या दुकानात गेली होती. काउंटरवर बाटली ठेवताना ‘हलवून घ्या बरं का’ हे तोंडातून आपसूक निघायचं, आणि म्हणता म्हणता हातही ती हलवून मोकळा व्हायचा. इथे त्यांना चिकटवलं धाकट्या दिरानं. तो संस्थेची गाडी चालवायचा. तो वहिनी म्हणतो म्हणून शिपायापासून संचालकांपर्यंत सगळेच वहिनी म्हणू लागले. संचालक त्यांच्या वडिलांच्या वयाचे, पण आता दीर झाले ते झाले.

टेबलावरचा ससा वहिनींच्या हाताखाली वाढलेला. पाण्याचं भांडं पालथं घालायचं, गवत निवडून निवडून खायचं आणि कान खाजवून हवा असला की जाळीला नाक लावून हुकूम सोडायचा, असा त्याचा थाट. वहिनी त्याला लाटसाहेब म्हणत. या टेबलावर आलेला ससा पिंजऱ्यात परत जात नाही, हे त्यांना पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगितलं गेलं होतं. त्यांनी ते मनाला समजावलंही होतं. एकच हट्ट उरला होता: जाणारा जीव वाया जाऊ नये. प्रयोग फसला, की तो ससा फुकट गेला आणि त्याच्या जागी दुसरा आणावा लागला.

प्रयोग करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सगळे मॅडम म्हणत. त्यांनी वहिनींना सगळं नीट समजावलं होतं. फुप्फुसात असंख्य इवले फुगे असतात. त्यांना आतून एक पातळ, निसरडा थर असतो, म्हणून श्वास सोडला तरी ते मिटून चिकटून बसत नाहीत. हा थर बिघडला, की भोवती हवा असूनही जीव गुदमरतो. लाटसाहेबाचा थर मॅडमनी कोमट सलाईननं धुऊन काढला होता. आता बाहेरून तसलाच थर घालून किती फरक पडतो, ते बघायचं होतं. बाटलीतलं पांढरं औषध म्हणजे तोच.

लाटसाहेबाचे गुलाबी कान राखाडी पडत चालले. वहिनींचं लक्ष त्या कानांवर, जीव कासावीस. मॅडमनी औषध मागितलं आणि घाईघाईत वहिनींच्या हातानं वर्षानुवर्षांचं काम केलं. बाटली खळखळून हलवली.

फेस गळ्यापर्यंत चढला. दुसरी बाटली नव्हती.

मॅडमनी ती उजेडात धरली. “कोल्ड कॉफी केलीत की, वहिनी.”

फेस म्हणजे हवा. सिरिंजमध्ये औषधाऐवजी तीच भरणार. वहिनी म्हणाल्या, “गेला ना हो वाया?”

“अजून कुठे गेलाय? बाटली उलटी धरा. आणि आता भूकंप झाला तरी हलू नका.”

रबरी बूच खाली, बूड वर. फेस हळूहळू वर चढला, औषध बुचापाशी उतरू लागलं. वहिनी श्वाससुद्धा बेतानं घेत होत्या. नाकाला नेमकी तेव्हाच खाज सुटली. मॅडम मशीन सांभाळत होत्या, मधूनच बाटलीकडे नजर टाकत होत्या. शेवटी त्यांनी बुचातून सुई घालून फेसाखालचं औषध अगदी सावकाश ओढून घेतलं. जेमतेम पुरणार होतं.

अर्धं औषध नळीतून दिलं, लाटसाहेब डाव्या कुशीवर असताना. मग झोपलेल्या तान्ह्या बाळाला वळवावं तसं वहिनींनी त्याला उजव्या कुशीवर वळवलं आणि उरलेलं दिलं, म्हणजे दोन्हीकडच्या फुग्यांना वाटा मिळावा.

बराच वेळ काही घडेना. मॅडम पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत राहिल्या, वहिनी कानांकडे. आधी कडेला पुसटशी लाली आली. मग ती आत पसरत गेली, शिरा दिसू लागल्या, आणि कान पुन्हा पूर्वीसारखे गुलाबी झाले. मॅडम हलकेच म्हणाल्या, की नाही गेला वाया.

मोजायचं ते सगळं मोजून झाल्यावर मॅडमनी भूल वाढवली आणि त्याला त्या झोपेतूनच जाऊ दिलं. वहिनींचा हात तोवर त्याच्या पाठीवर होता.

हात धुताना त्यांनी विचारलं, त्याला यातलं काही कळलं असेल का. मॅडम म्हणाल्या, काहीही नाही; त्यासाठीच तर भूल एवढी खोल देतो. ना सुई कळली, ना गुदमरणं.

वहिनींना बरं वाटलं. घरी जाताना गाडीत दिरानं छेडलंही, आज एवढ्या गप्प, दादाशी भांडण का? त्यांच्या मनात मात्र लाटसाहेबच होता. गुदमरणं कळलं नाही, हे चांगलंच झालं. पण मग कान गुलाबी होताना, इतका वेळ अडलेला श्वास मोकळा झाला, तेव्हाचं ते हायसं वाटणंही त्याला कळलंच नसेल का?