पाण्यात जुळवलेला शाफ्ट

माझे हात लहान आहेत. आमच्याकडची बांगडीवाली सगळ्यात लहान मापाच्या बांगड्या माझ्यासाठी वेगळ्या काढून ठेवायची. स्वयंपाक सोडला तर या हातांचा ह्यांना कामात असा उपयोग एकदाच झाला, आणि त्या दिवसाबद्दल मी मागच्या महिन्यापर्यंत कुणाशी बोलले नव्हते.

बिबवेवाडीत आमचं दुकान होतं. एक लेथ, एक ड्रिल, वर पत्रा. हे पंपांचे शाफ्ट, म्हणजे आतले फिरते दांडे, बनवायचे आणि मी घरून फोन घ्यायचे. त्या उन्हाळ्यात आमचा एकुलता एक कारागीर हिंजवडीला कंपनीच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागला. बस एसी आहे, असं त्याने दोनदा सांगितलं. हे म्हणाले, स्वेटर घेऊन जा.

पाठोपाठ खराडीत सॉफ्टवेअरची कंपनी असलेले एक गृहस्थ आले. त्यांनी हौसेनं स्की-बोट घेतली होती, दोरी धरलेल्या माणसाला पाण्यावरून घसरत नेणारी. खडकवासल्याचं पाणी मे महिन्यात उतरलेलं, बोट खडकाला घासली आणि तळाच्या पंख्याचा शाफ्ट वाकला. अशी बोट ह्यांनी जन्मात पाहिली नव्हती. पण शाफ्ट तो शाफ्ट, म्हणाले, नवा करून देतो.

शाफ्ट झाला झकास. बसवताना अडलं. इंजिन आणि शाफ्ट जिथे जोडले जातात ते कपलिंग बोटीच्या तळाशी, फळ्यांखालच्या बोळकांडीत होतं. ह्यांचा पंजा तिथे शिरेना. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाले, ‘तुझा हात लागेल जरा.’

मुलाला सासूबाईंपाशी ठेवलं आणि जुना पंजाबी ड्रेस घालून स्कूटरवर मागे बसले.

बोट काठावर ट्रेलरवर उभी होती. मी पालथी पडून हात आत घातला. कपलिंगच्या दोन चकत्यांमधल्या फटीत पत्र्याची पातळ पाती सरकवायची. चारी बाजूंनी सारखी सरकली की जोड सरळ. हे इंजिनाच्या पायाचा नट किंचित फिरवायचे आणि विचारायचे.

‘आता?’

‘वर घट्ट.’

‘आता?’

‘अजून थोडं.’

घरी आठवडाभरात आमचं इतकं बोलणं होत नसे.

दुपारी बोट पाण्यात सोडून इंजिन सुरू केलं, तर ती अशी थरथरायला लागली की माझे दात वाजले. मालक भले होते, म्हणाले, चालायचंच. हे मात्र काठावर बसून डबा खाताना बराच वेळ बोटीकडे बघत होते.

‘पंपाखाली सिमेंट असतं,’ ते म्हणाले. ‘हिच्याखाली काय आहे?’

‘पाणी.’

‘मग जमिनीवर कशाला जुळवत बसलो आपण?’

ट्रेलरवर टेकलेलं बोटीचं पोट पाण्यात वेगळं बसतं आणि जुळवलेला जोड सरकतो, हे तेव्हा दोघांनाही कळलं. मग तरंगत्या बोटीतच पुन्हा पालथी पडले. पाणी डुलत होतं, खाली ग्रीसचा वास, वर ह्यांचा श्वास. मी ‘सारखं’ म्हणाले. ह्यांनी वाकून खात्री केली नाही. सरळ बोल्ट आवळले. इंजिन सुरू केल्यावर त्यांनी पाण्याचा पेला त्याच्या झाकणावर ठेवला. पेल्यातलं पाणी जेमतेम हललं.

काठावर हात धूत असताना माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, ‘दुकानात येत जाशील का?’

मला जायचं होतं. सकाळपासून मनात दुसरं काही नव्हतं. पण मी हात नाकाशी नेला आणि म्हणाले, ‘हा वास घेऊन कणीक मळू?’

हे हसले. मीही हसले आणि वाट बघत राहिले.

मी नागपूरकडची. आमच्याकडे पहिल्यांदा नाहीच म्हणायचं. वाढणाऱ्यानं आग्रह करायचा, मग ताटात घ्यायचं. हे पुण्याचे. एकदा विचारायचं, नाही म्हटलं की डब्याला झाकण. स्कूटर स्वारगेटला पोचेपर्यंत मी दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत होते. नंतरही किती वर्षं.

पुढच्या महिन्यात ह्यांनी एक म्हातारा कारागीर ठेवला. आणि स्वतः हात धुऊन घरी यायला लागले. पूर्वी ग्रीसचा वास दारातून ह्यांच्या आधी आत यायचा. आता नुसता साबण. मला वाटलं, दुकानातलं काही आता घरात आणायचं नाही असं ह्यांनी ठरवलंय. खरं सांगायचं तर त्या वासासाठी मी ह्यांचा धुवायला टाकलेला शर्ट हुंगून पाहत असे. लाज वाटायची, पण पाहायचे.

मागच्या महिन्यात लेथ विकला. टेम्पो गेल्यावर आम्ही दोघं रिकाम्या दुकानात उभे होतो. फरशीवर लेथच्या पायांचे काळे चौकोन उरले होते.

मी म्हणाले, ‘मला तेव्हा यायचं होतं दुकानात. बोटीच्या वेळी.’

त्यांनी चपलेच्या टोकानं एक चौकोन घासून पाहिला.

‘पण तुला तर वास चालत नव्हता,’ ते म्हणाले. ‘म्हणून तर रोज रॉकेलनं हात घासून, साबण लावून घरी यायचो.’

मी त्यांचा हात उचलून नाकाशी नेला. साबणाचाच वास होता.